थ्रीपला दोन तोंडं लागतात

लो गिल, कंबरलँड
६ सप्टेंबर १९५८

जॉस,

हे पत्र मी लिहिलेलं नाही. वकील पॅटिन्सनसाहेबांनी काल सकाळीच मला बजावलंय, "मिस डार्ग, भावाला एक ओळही लिहू नका. आणि चुकून लिहिलीतच, तर खाली सही करू नका." मी म्हटलं, "बारा वर्षं होत आली, लिहिली नाही. आता कशाला लिहीन?" घरी आले, गाय पिळली, दौतीत शाई वाळून गेली होती तीत पाणी घातलं आणि बसले. कुणी नको म्हटलं की माझ्या हाताला खाज सुटते, हे तुला नव्याने सांगायला नको.

पत्ता शेजारच्या आइक टिनियनने दिला. तू दर नाताळात त्याला न्यूझीलंडहून कार्ड पाठवतोस हे मला पोस्टमनकडून कळतं. कार्डावर मेंढ्या असतात, हेही कळतं. इथल्या मेंढ्यांना कंटाळून माणूस पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला गेला आणि तिथून मेंढ्यांची चित्रं पाठवतोय, असं आख्खं खोरं म्हणतं. मी काही म्हणत नाही.

आता मुद्दा. बाबांनी घर, गोठा आणि डोंगरावर चराईचा हक्क मला दिला. थ्रीपचं चौदा एकरांचं कुरण, त्यावर वाढलेल्या मेंढ्यांसकट, तुला. "ज्याला भांडण येतं त्याला भांडणाची जमीन," असं ते म्हणायचे आणि तू दुखावला जायचास. बाबांच्या तोंडची ती शाबासकी होती. ती तुला शिवीसारखी ऐकू आली, कारण त्यांच्या शाबासकीचा आवाजच तसा होता. असो. १४ नोव्हेंबर १९४६ला त्यांना पुरून आलो, चहा झाला, आपलं दोघांचं जे व्हायचं ते झालं, आणि तू भरलेला कप टेबलावर ठेवून निघून गेलास.

पॅटिन्सन म्हणतात, एकाची जमीन दुसऱ्याने आपली म्हणून बारा वर्षं वापरली आणि मालकाने हूं की चूं केलं नाही, तर ती वापरणाऱ्याची होते. मी त्यांच्याकडे फाटकाच्या तंट्यासाठी गेले होते, हा कायदा त्यांनी वरकड म्हणून दिला. येत्या १४ नोव्हेंबरला बारा वर्षं भरतात. शुक्रवार आहे. आणि शनिवारी मेंढपाळांचा मेळा.

ह्या दोन तारखा लागून आल्या म्हणून तर मला झोप नाही. तुला मेळा आठवत असेल. वर्षभर चुकलेल्या मेंढ्या ज्याच्या त्याला परत देतात, मग सगळे थ्रीपच्या हद्दीच्या धोंड्यापाशी जमतात आणि एक टिनियन व एक डार्ग, कुरण कुणाचं यावर वाद घालतात. आजोबांच्या काळीच कुरण कागदावर आपलं झालं, पण वाद राहिला. कागदासाठी का कुणी चांगला वाद सोडतं?

बाबा गेल्यापासून बारा मेळे झाले. आइक दर वर्षी धोंड्यापाशी उभा राहतो, टोपी मागे सारतो आणि आपली बाजू मांडतो. मग गप्प होतो. बाबांना पाइप पेटवायला जितका वेळ लागायचा तितका वेळ थांबतो. समोर कुणी नाही. मग खिशातून हॅम लावलेला पाव काढतो आणि खातो. लोक हल्ली त्या वेळी टोप्या काढून उभे राहतात, चर्चमध्ये असल्यासारखे.

आणि मी तिथेच उभी असते, जॉस! जीभ दातांखाली धरून. कारण नियम तुला ठाऊक आहे, उत्तर मालकाने द्यायचं, नाहीतर मालकाच्या हातची चिठ्ठी असलेल्याने. सन सतरात आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा बाबा चिठ्ठी घेऊन उभे राहिले होते, तसं. माझ्याकडे ना जमीन ना चिठ्ठी. ह्या खोऱ्यात माझ्यासारखी जीभ दुसरी नाही असं पाद्रीसुद्धा म्हणतात (कौतुकाने म्हणत नाहीत), आणि तिला वर्षातल्या एकुलत्या एका खऱ्या कामाला बंदी.

तेव्हा मला ते कुरण गवतासाठी नकोय. उत्तर द्यायला हवंय. तुला यायचं असेल तर ये आणि भांड. नसेल, तर १४ तारखेपर्यंत असाच गप्प राहा. गप्प राहणं तुला चांगलं जमतं.

सही करत नाही. अक्षरावरून ओळख.


लो गिल
२१ सप्टेंबर १९५८

जॉस,

तुझं उत्तर यायला अजून अवकाश आहे, की येणारच नाहीये, ते मला इथून दिसत नाही. तोवर एक बातमी.

दक्षिणेकडच्या कुठल्या विद्यापीठातून मिस ऑडली म्हणून एक बाई आल्यात. चाळिशीच्या, उंच, पायांत पुरुषी बूट. एक जाडजूड वही आणि ट्रंकेएवढं आवाज टिपणारं यंत्र. जुने शब्द मरायच्या आत गोळा करतात. मला वाटलं, ह्याही जुन्या आकड्यांतली मेंढ्यांची मोजणीच ऐकायला आल्या असणार. बाहेरून येणाऱ्या प्रत्येकाला तीच हवी असते, जणू आम्ही सकाळी उठून तेच म्हणतो. पण नाही. बाईंनी स्वैपाकघरात बसून, दोन तुकडे जिंजरब्रेड खाऊन, वही उघडली आणि विचारलं, "दोन माणसं शब्दाला शब्द लावतात, त्याला तुम्ही काय म्हणता?"

"कोण दोन माणसं?" मी विचारलं.

"कुणीही."

"अहो, त्यावर सगळं अवलंबून आहे. नवरा-बायको असतील तर फ्रॅच. त्यात ताटल्या फुटतात."

"आणि ताटल्या फुटत नाहीत तेव्हा?"

"तेव्हा थ्रीप."

बाईंचा चेहरा असा उजळला की मला वाटलं जिंजरब्रेडऐवजी चुकून खाऱ्या मांसाचा तुकडा देऊन बसले की काय. म्हणाल्या, हा शब्द हजार वर्षांचा आहे. सबंध उत्तरेत, पार सीमेपलीकडे स्कॉटलंडपर्यंत पसरलेला. आणि जिथे जिथे जमिनीच्या नावात थ्रीप आहे, तिथे तिथे कधीतरी दोन गावं नाहीतर दोन घरं त्या तुकड्यासाठी भांडली आहेत. मी म्हटलं, हे शोधायला विद्यापीठ लागलं? आमच्या कुत्रीलाही माहीत आहे.

पण पुढचं मला माहीत नव्हतं. सगळ्यात जुन्या पोथ्यांत, त्या म्हणाल्या, थ्रीप म्हणजे वाद नव्हेच. रागे भरणं. थोरल्याने धाकट्याचा कान धरणं. बोलणारं तोंड एकच, दुसऱ्याने मान खाली घालायची. कैक शतकांनी कुणा धाकट्याने मान वर करून उत्तर दिलं असावं, कारण मग अर्थ झाला वाद. दोन तोंडं. आणि त्याहून पुढे, स्कॉटलंडच्या बाजूला, अर्थ झाला हट्टाने तेच तेच सांगत राहणं; समोरचा ऐको न ऐको, असो वा नसो.

"म्हणजे पुन्हा एकच तोंड," मी म्हटलं.

"हं," बाई वहीत लिहीत म्हणाल्या. "शब्दांचं असं होतं कधीकधी."

मी चुलीत उगाच एक लाकूड सारलं. तू सहा वर्षांचा होतास आणि मी दहा, तेव्हा मी तुझा कान धरत असे. पुढे तू मान वर केलीस, आणि वीस वर्षं आपण ह्या टेबलावर असे वाद घातले की बाबा जेवण थंड करून ऐकत बसायचे. आणि आता हे दुसरं पत्र, समोर कोण आहे ठाऊक नसताना. हजार वर्षांच्या शब्दाने जे केलं ते आपण चाळीस वर्षांत उरकलं. डार्गांना रेंगाळायची सवय नाही.

बाईंनी जाताना विचारलं, "तुमच्यात सध्या कोण करतं थ्रीप?"

"म्हातारा आइक टिनियन," मी म्हटलं. "एकटाच."

"एकट्याने कसा होईल?"

"तेच तर," मी म्हटलं. मग बाईंना मेळ्याचं सगळं सांगावं लागलं. त्या यंत्र घेऊन १५ तारखेला परत येणार आहेत. मी म्हटलं, या, पण टिपायला अर्धाच वाद मिळेल.

सही नाही. का ते मागच्या पत्रात आहे.


लो गिल
५ ऑक्टोबर १९५८

जॉस,

आज तुला हसू येईल. मला आलं नाही, निदान लगेच तरी.

गुरुवारी पॅटिन्सनसाहेब स्वतः आले. चौदा तारीख उलटल्याबरोबर सादर करायचा कागद तयार ठेवायचा होता, "मी दीना डार्ग, थ्रीप नावाचं कुरण बारा वर्षं माझं स्वतःचं म्हणून वापरत आले आहे," वगैरे. म्हणाले, एकदा जागा डोळ्यांनी पाहतो. शहरी बूट घालून आले होते. ओढा ओलांडताना एक बूट त्यातच राहिला, तो फ्लायने काढून आणला, आणि त्यांनी कुत्रीचे आभार मानले. कुत्रीला ते आवडले, मला वाटतं तिथपासूनच माझं नशीब फिरलं.

कुरणावर मेंढ्या चरत होत्या. साहेबांनी चष्मा पुसला.

"मिस डार्ग, तुमच्या मेंढ्यांची खूण लाल ना? उजव्या खांद्यावर?"

"लाल. पणजोबांपासून."

"मग ह्यांच्या डाव्या मांडीवर निळा पट्टा आहे तो?"

"ती जॉसची खूण."

"जॉसची म्हणजे?"

"म्हणजे ह्या जॉसच्या मेंढ्या."

"बरं. त्या तर बारा वर्षांपूर्वीच्या. म्हाताऱ्या झाल्या असतील."

"त्या कशाला राहतायत? ह्या त्यांच्या लेकी. नाती. ती कोपऱ्यातली शिंगवाली तर पणती आहे."

"त्यांना निळा रंग कुणी लावला?"

"मीच. दर जुलैला, लोकर कातरली की. इथे दुसरं कोण आहे?"

साहेबांनी टोपी काढली. वारा होता, त्यांचे चार केस उभे राहिले. मग फार हळू, आजाऱ्याला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "आणि मिस डार्ग, जॉसच्या ह्या मेंढ्या कुणाच्या कुरणात उभ्या आहेत?"

आणि मी, जॉस, आपल्या बापाची मुलगी, ह्या खोऱ्याची जीभ, पटकन म्हणून गेले, "त्यांच्याच!"

त्यांनी फाइल मिटली.

खरं सांगते, मी कधी विचारच केला नव्हता. जुलैत मी दोन डबे उघडते, एक लाल आणि एक निळा. डोंगरावरच्या मेंढ्या लाल डब्याकडे, थ्रीपवरच्या निळ्याकडे. आईची खूण ती पिल्लाची. तू सोळा वर्षांचा झालास तेव्हा बाबांनी ती खूण तुझ्या नावाने मेंढपाळांच्या पुस्तकात छापून घेतली. छापलेलं आहे, ते काय मी बदलायचं? मनात तुला शिव्या देत होते आणि हाताने तुझा पट्टा ओढत होते. बारा कातरण्या. शिव्या जास्त झाल्या तर पट्टा थोडा जाड आला असेल, एवढंच.

साहेब घरी येऊन चहा प्यायले. म्हणाले, "न्यायाधीशाला मेंढीच्या मांडीवरचं वाचता येत नाही, हे तुमचं सुदैव. रंगाने हक्क बुडत नाही. मालकाला लिहून, सही करून, 'जमीन तुमची' असं कबूल केलंत तरच बारा वर्षं पुसली जातात. तेवढं करू नका. रंगाचं मी पाहून घेतो."

"तुम्ही मेंढ्या धुणार?" मी विचारलं. ते हसले नाहीत.

आता दुसरी गोष्ट, ती हसायची नाही. आइक एक्याऐंशीचा झाला. डॉक्टरांनी सांगितलंय, ह्या वर्षी धोंड्यापर्यंत चढून जा हवं तर, पण पुढच्या वर्षी खालूनच बघायचं. मी त्याच्यासाठी सूप नेलं होतं. म्हातारा खिडकीशी बसून आपली बाजू पाठ करत होता.

"आइककाका," मी म्हटलं, "चाळीस वर्षं तेच बोलताय, पाठ कसलं करता?"

"पोरी, तुझा बाप होता तोवर पाठ करायची गरज नव्हती. तो मध्येच तोडायचा, मग मला पुढचं सुचायचं. आता कुणी तोडत नाही. मी सुरू करतो ते सरळ शेवटाला जाऊन पोचतो, घसरगुंडीवर बसल्यासारखा. त्यात काय मजा?" मग सूप ढवळत म्हणाला, "शेवटचा तरी कुणीतरी तोडावा. डार्ग असला म्हणजे झालं. कुठलाही."

"मी चालेन?"

"तू मालकीण झालीस तर चालशील की. नियम आहे." आणि चमचा तोंडात घालून म्हणाला, "तुझ्या भावाला मात्र वाईट वाटेल."

मी सूपाचं भांडं घेऊन परत आले. तेव्हापासून मला तो निळा डबा गोठ्यात जाता-येता दिसतोय. आधीही तिथेच होता.

सही नाही. अजून नाही.


लो गिल
१९ ऑक्टोबर १९५८

प्रिय जॉस,

तुझं काही आलं नाही. हरकत नाही. ऐकणारा असो वा नसो, ह्याला आमच्यात काय म्हणतात ते मिस ऑडलींनी सांगितलंच आहे.

बाबांना पुरून आलो त्या दिवशी चहाच्या वेळी पाद्रीबुवांनी निरुपद्रवी तोंडाने विचारलं, "थ्रीप डार्गांचं कशावरून हो?" मी म्हटलं, ओढ्यावरून, पूर येऊन ओढा सरकला, जुना ओढा टिनियनच्या कुंपणालगत होता. तू म्हणालास, छे, ओढा कधीच सरकला नाही, टिनियनांच्या आजोबाने धोंडा सरकवला. लोक बशा घेऊन बाजूला सरले, ऐकायला नीट जागा हवी म्हणून. इथपर्यंत बाबा असते तर खूश झाले असते. मग मी हरायला लागले. तू बोलायला माझ्यापेक्षा बरा आहेस हे मी कुणासमोर कबूल करणार नाही, पण इथे स्वैपाकघरात आता फ्लायशिवाय कुणी नाही. मी हरायला लागले, आणि ओढा सोडून हाताला लागेल ते फेकलं. म्हटलं, "तू लढाईवर होतास ती सहा वर्षं इथे सगळं नीट चाललं होतं."

तो थ्रीप नव्हता, जॉस. ती ताटली होती.

आणि खोटी. सहा वर्षांत काहीएक नीट चाललं नव्हतं. त्रेचाळीस साली गोठ्याचं छप्पर कोसळलं, दोन गाई खाली गेल्या. बाबा रोज सकाळी फाटकापर्यंत जाऊन पोस्टमनची वाट पाहायचे, आणि तुझं पत्र नसलं की त्या बिचाऱ्याला शिव्या घालायचे, जणू त्यानेच ते खाल्लं. मी रात्री मोज्यांना ठिगळं लावताना टेबलाच्या तुझ्या बाजूला बसायचे, रिकामी दिसू नये म्हणून.

तू गेलास आणि तीन महिन्यांत सत्तेचाळीसचा बर्फ आला. तो तुझ्याकडच्या वर्तमानपत्रांतही आला असेल, पण त्यात आपल्या मेंढ्या नसणार. सात आठवडे भिंती दिसल्या नाहीत. डोंगरावरच्या निम्म्याहून जास्त गेल्या. थ्रीपवरच्या चाळीसपैकी तेवीस जित्या काढल्या; एकमेकींची लोकर खाऊन राहिल्या होत्या. कुणी काढल्या? मी, फ्लायची आई, आणि आइक टिनियन, सत्तरीचा, लांब काठीने बर्फ भोसकत. मी म्हटलं, "काका, तुमच्या स्वतःच्या गाडल्या गेल्यात, ह्या कशाला उकरताय?" तर म्हणाला, "जॉसच्या मेल्या तर तो परत कशाला येईल, आणि मी भांडू कुणाशी?" त्या तेवीस मेंढ्यांच्या पणत्या आज तिथे चरतायत. आईने दाखवलं तेच गवत खरं, असं मानणारी हट्टी जात. विकल्या तरी परत येतील, म्हणून कुणी घेतही नाही.

आता कामाचं लिहिते.

मी काल रात्री नाही, भर दुपारी, पोटभर जेवून, शुद्धीवर राहून ठरवलंय. मला उत्तर द्यायची फार हौस आहे हे खरं. पण जमीन माझी झाली की मी उत्तर देणार आइकला, एकदा, ह्या नोव्हेंबरात. पुढच्या वर्षी आइक खालून बघणार. मग मी धोंड्यापाशी उभी राहून कुणाशी बोलू? त्याच्या मुलांना तर वाद घालता येत नाही, ते लगेच "बरोबर आहे तुमचं" म्हणतात. मी हॅमचा पाव खात उभी राहीन, आणि लोक टोप्या काढतील.

म्हणून, पॅटिन्सनसाहेबांनी नको सांगितलं होतं नेमकं तेच करते:

लो गिलशेजारचं थ्रीप नावाचं चौदा एकरांचं कुरण माझा भाऊ जोसेफ डार्ग याचं आहे. ते माझं नाही, कधी नव्हतं.

आणि तुझ्याकडून एकच गोष्ट मागते. १५ तारखेच्या आत ये म्हटलं असतं, पण ते आता जमायचं नाही. निदान चिठ्ठी पाठव, की दीनाने तुझ्या वतीने बोलावं. म्हाताऱ्याचा शेवटचा वाद आहे. तो माझ्यासाठी नको करूस, त्याच्यासाठी कर.

तुझी बहीण,
दीना मार्गारेट डार्ग


लो गिल
१२ नोव्हेंबर १९५८

प्रिय जॉस,

पोस्टमन सायकल फाटकाला आपटून, ओरडतच आला, "दीना, न्यूझीलंड! आणि ह्या खेपेला आइकचं नव्हे!" मी हात धुतले, मग बोटांना कणीक चिकटलेलीच होती हे लक्षात येऊन पुन्हा धुतले.

बारा वर्षांनी चार ओळी. तू विसरला असशील म्हणून उतरवून ठेवते.

"माझ्या वतीने थ्रीपवर बोलायची दीनाला परवानगी आहे. अट एकच: ओढ्याचं नाव काढायचं नाही, धोंडाच बोलायचा. जोसेफ डार्ग. ता. क. छपराचं ठाऊक होतं. बाबांनी त्रेचाळीसलाच कळवलं होतं. तू कधी सांगतेस याची वाट बघत होतो."

गाढवा.

दोन्ही गोष्टींसाठी गाढवा. पण जास्त करून धोंड्यासाठी. मला जे खोटं वाटतं ते मी आख्ख्या खोऱ्यासमोर, यंत्रासमोर, माझ्या तोंडाने खरं करून सांगायचं? हे तू पृथ्वीच्या त्या टोकाला बसून, हसत हसत लिहिलंस, हे मला अक्षरावरून कळतं. शेवटच्या ओळीत अक्षर हसत नाहीये, तेही कळलं.

पॅटिन्सनसाहेबांना माझं पत्र आणि तुझी चिठ्ठी, दोन्हींचं सांगून आले. त्यांनी चष्मा काढून ठेवला. म्हणाले, "मिस डार्ग, तुमच्यासारखं अशील असलं की वकिलाने मेंढ्या पाळाव्यात." मी म्हटलं, पाळा, बूट तेवढे बदला. शनिवारी ते मेळ्याला येतायत. म्हणे फ्लायला भेटायला.

मी सकाळपासून मेंढ्यांना धोंडा समजावून सांगतेय. त्यांना पटत नाही.

दीना


लो गिल
१६ नोव्हेंबर १९५८

प्रिय जॉस,

सगळं क्रमाने सांगते, मध्ये तोडू नकोस.

धुकं होतं, पाऊस नव्हता. चुकलेल्या अकरा मेंढ्या ज्यांच्या त्यांना गेल्या. मग सगळे वर चढले. आइकला त्याच्या मुलांनी ट्रॅक्टरच्या गाडीत बसवलं होतं, शेजारी मिस ऑडलींचं यंत्र. दोघांनाही हादरे नकोत म्हणून गाडी इतकी हळू चालली की आम्ही चालणारे आधी पोचलो. शेवटची तीस पावलं म्हातारा स्वतः चालला. टोपी मागे सारली.

"हे कुरण टिनियनांचं," तो म्हणाला. "माझ्या पणज्याने ह्याचं पहिलं गवत कापलं, आणि धोंडा त्याने रोवला तिथेच आहे. नाही कोण म्हणतो?"

आणि थांबला. लोकांचे हात टोप्यांकडे गेले.

"मी म्हणते," मी म्हटलं.

म्हातारा वळला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही, मुरलेला आहे. "तू कोण?"

"मालकाची चिठ्ठी घेऊन आलेय."

"दाखव." त्याने चिठ्ठी डोळ्यांपाशी नेली, लांब नेली, पुन्हा जवळ आणली. खालची ताज्या कलमाची ओळ त्याने वाचली असावी, कारण खोकला. मग मोठ्याने म्हणाला, "अक्षर जॉसचं आहे. घाणेरडं आहे. बोल."

"धोंडा होता अ‍ॅशच्या झाडापाशी. तुमच्या आजोबाने तो चाळीस पावलं सरकवला."

"माझ्या आज्याने? हा धोंडा? एकट्याने?"

"एकट्याने कशाला? घोडा होता."

"आमच्याकडे तेव्हा घोडा नव्हता!"

"मग शेजाऱ्याचा मागून आणला असेल."

"शेजारी तर तुम्हीच, बये! म्हणजे डार्गांच्या घोड्याने डार्गांचं कुरण टिनियनांना ओढून दिलं?"

"आमचे घोडे आमच्यापेक्षा मनाने मोठे होते."

असा हशा झाला की खाली वाडीतली कुत्री भुंकली. आइकच्या गालांवर रंग चढला, पन्नास पावलांवरून दिसेल असा. तो काठी टेकून सरसावला, आणि मग जॉस, आम्ही एक तास वीस मिनिटं भांडलो. मिस ऑडलींची फीत अर्ध्या तासात संपली. त्या "थांबा, थांबा" म्हणत होत्या, पण कोण थांबतो. त्याने झाडाचं वय काढलं, मी त्याच्या आज्याचं काढलं. तो म्हणाला धोंड्यावरचं शेवाळ उत्तरेला आहे म्हणजे धोंडा हलला नाही, मी म्हटलं शेवाळालाही डोकं असतं, बारा महिन्यांत नव्या जागी उत्तर शोधतं. दोनदा "ओढा" माझ्या जिभेच्या टोकावर आला, दोनदा गिळला. तुला कल्पना नाही तो कसा लागतो घशाला. आणि गंमत म्हणजे, तासाभराने मला धोंडा जरा जरा पटायला लागला. हे कुणाला सांगू नकोस.

शेवटी आइक दमला. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाला, "मी माझं म्हणणं राखतो."

"मी जॉसचं राखते," मी म्हटलं.

हात मिळवले. बारा वर्षं उघडा पडलेला वाद नियमाप्रमाणे मिटवला, म्हणजे पुढच्या वर्षीसाठी जपून ठेवला. पाव त्याने खिशातून काढलाच नाही. खाली जाऊन मटण-बटाट्याचा हंडा आणि लाल कोबीचं लोणचं असं जेवला की त्याची सून घाबरली. पॅटिन्सनसाहेब दोनदा वाढून घेऊन फ्लायला अर्धं खिलवत होते.

गाडीत बसवताना आइकने मला वाकायला सांगितलं आणि कानात एक वाक्य म्हणाला. धोंड्याबद्दल. त्याच्या आजोबाने मरताना त्याच्या बापाला सांगितलं होतं, बापाने त्याला. आजवर घराबाहेर गेलं नव्हतं. म्हणाला, "जॉसला पत्रातून कळवू नकोस हं. मग तो कशाला येईल?"

मी शब्द दिलाय. तेव्हा धोंडा हलला होता की नव्हता, हे आता ह्या जगात टिनियनांबाहेर फक्त मला ठाऊक आहे, आणि मी ते लिहिणार नाही. एवढंच सांगते, की ऐकून मला मुळीच आनंद झाला नाही, आणि घरी येईपर्यंत फ्लायशी बोलले नाही. ज्याला ऐकायचं असेल त्याने इथे यावं, टेबलाच्या आपल्या बाजूला बसावं आणि माझ्या तोंडून ते काढून घ्यावं. सोपं जाणार नाही.

जुलैत कातरणी आहे. लाल डबा मी उघडीन. निळा तुझा तू उघड, बारा पट्टे मी ओढलेत, हात भरून आलाय. आइक म्हणतो, पुढच्या मेळ्यापर्यंत तो टिकायचा प्रयत्न करील, खालून बघायला. पण तुझा आवाज खालपर्यंत ऐकू यायला हवा.

तोवर मी माझं राखते: ओढा.

दीना